दारात उभं राहिलेलं गाणं

माले गावाच्या चढावर, रस्त्याच्या कडेला, एक पेटी उभी होती. आणि त्या पेटीला मिठी मारून एक माणूस उभा होता.

श्रावणातली सर होती. ऊनही होतं आणि पाऊसही. असा पाऊस भिजवायचं मनावर घेत नाही, नुसता गुदगुल्या करून पुढे जातो. पण त्या माणसाने आपला रेनकोट पेटीला घातला होता, वरपासून खालपर्यंत गुंड्या लावल्या होत्या, आणि स्वतः मात्र शर्टातून निथळत होता.

रेश्माने पिकअपचा वेग कमी केला. मागे हौद्यात तिच्या वडिलांच्या शेळ्या होत्या आणि वळण आलं की त्या सगळ्या एका बाजूला कलंडून ओरडत होत्या.

"थांबा! अहो, थांबा जरा!" तो माणूस पेटी न सोडता ओरडला.

तिने काच खाली केली.

"काय झालं?"

"टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. ड्रायव्हर मेकॅनिक आणायला पौडला गेला आहे. हिला तळ्याकाठी शूटिंगच्या जागी पोहोचवायचं आहे. पाणी लागलं तर हिचा आवाज बसेल."

रेश्माने त्याच्या मागे-पुढे बघितलं. आवाज बसण्यासारखी कुणी बाई काही दिसेना.

"पेटीचा," तो म्हणाला आणि ओशाळून हसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. दुसरा गाल नुसता बघत राहायचा.

"मीबी तितंच चाललेय," रेश्मा म्हणाली. "सिनेमावाल्यांनी शेळ्या मागवल्यात. चालंल का तुमच्या बाईसायेबांना शेळ्यांची सोबत?"

जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना थांबवून पेटी हौद्यात चढवली. ती साधी पेटी नव्हती. कंबरेएवढी उंच, खाली पायाने दाबायचे दोन भाते, जुन्या नाटकात रंगमंचापुढे असायची तशी पायपेटी. तो पण तिच्याशेजारी शेळ्यांत बसला. पुढे या म्हटलं तर म्हणाला, "नको. मी तिला एकटी सोडणार नाही."

"लगीन झाल्यावर बायकूला इतकं जपाल का?" असं रेश्माच्या तोंडावर आलं होतं. पण अनोळखी माणूस. तिने गाडी सुरू केली.

पुढच्या वळणाला मागून एकदम आवाज आला — भोंऽऽऽ! एका शेळीने भात्यावर पाय दिला होता आणि दुसरीने पट्ट्यांवर. आणि त्यापाठोपाठ माणसाचा आवाज —

"ए भवाने! हाट! उतर खाली! आयला, रेनकोट खाल्ला की हिनं!"

रेश्माने करकचून ब्रेक दाबला. स्टिअरिंगवर डोकं टेकवून ती पोट धरून हसली. मग खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाली,

"आत्ता कसं! कुटल्या गावचं तुमी?"

मागे रेनकोट ओढून घेतल्याचा आवाज. मग बारीक आवाज आला —

"मुठ्याचा."

"अवो, मग डोंगराच्या पलीकडचंच की! तवापासनं पुस्तकावानी का बोलताय?"

"पुण्यात राहून सवय लागली…"

"शेळ्यांनी बरी मोडली," रेश्मा म्हणाली, आणि पुढचा सगळा रस्ता आरशात शेळ्यांच्या शिंगांमधून दिसणारा तो ओला चेहरा अधूनमधून बघत राहिली. रस्ता बघायला पाहिजे होता, ही गोष्ट वेगळी.

त्याचं नाव दिग्विजय.

तळ्याकाठी सिनेमावाल्यांनी मोकळ्या माळावर दोन घरं उभारली होती. समोरासमोर, मध्ये अंगण. भिंती पुठ्ठ्याच्या, पण वर शेण-माती इतकी झकास सारवली होती की खरी वाटावीत. सिनेमा होता शंभर वर्षांपूर्वीचा, धरणाचं पाणी यायच्या आधीचा, आणि सगळा गाण्यांचा. दिग्दर्शक होत्या गौतमीताई. टोपी घातलेल्या, सदा घाईत, पण कुणावर आवाज चढवायच्या नाहीत. त्यांनी ठरवलं होतं की या सिनेमासाठी एकही नवीन गाणं लिहून घ्यायचं नाही. त्या काळी लोकांच्या तोंडात जी गाणी होती तीच घ्यायची. नाटकातली पदं, तमाशातल्या लावण्या, तबकड्यांवर निघालेली गाणी. गिरणीत कामाला गेलेला माणूस सणाला गावी यायचा, तेव्हा लुगडं-खणाबरोबर एखादं गाणंही घेऊन यायचा. मग ते पाणवठ्यावर जायचं, शेतावर जायचं, आणि वर्षभरात साऱ्या गावाचं होऊन जायचं.

ती गाणी बसवायचं काम दिग्विजयकडे होतं. त्याच्या फोनमध्ये कितीतरी जुन्या तबकड्यांचे आवाज साठवलेले होते. खरखर, खरखर, आणि त्या खरखरीच्या आतून कुणीतरी लांबून गातंय.

शेळ्या रेश्माशिवाय कुणाचं ऐकत नव्हत्या, म्हणून तिला रोज थांबावं लागायचं. आणि शेळ्यांना तरी पेटीच्या आसपासचंच गवत का आवडावं, हे त्यांनाच ठाऊक.

"पेटीवाले, आज कुटलं गाणं?"

"या, ड्रायव्हरीणबाई. आज एक मजेदार गाणं आहे. हाय."

"बोला पुस्तकातलं. मला कळतं."

"मला आता बोलवंना झालंय ते, तुमच्यामुळं."

त्याने फोन तिच्या कानाजवळ धरला. जवळ, पण कानाला लागणार नाही असा. खरखर झाली आणि एका पुरुषाचा बारीक, उंच आवाज आला —

*पाऊल माझे दारी अडले,
आत म्हणा की जा म्हणा…*

मग लांबलचक तान. वर गेली, फिरली, खाली आली. पुन्हा तेच — आत म्हणा की जा म्हणा. आणि गाणं संपलं.

रेश्मा उठून उभीच राहिली.

"ह्ये… ह्ये तर आमचं हळदीचं गाणं हाय!"

"काय?"

"आवो, खरंच! आमच्या वाडीत नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन बाया येतात ना, त्या दारात उभ्या राहून ह्येच म्हणतात. ह्ये असलं वर-खाली करत न्हाईत, सरळ म्हणतात. पर चाल हीच. शब्द हेच!"

दिग्विजयचे डोळे हे एवढे मोठे झाले. "म्हणून दाखवा."

"मी? हितं?"

"शेळ्यांना सांगा कान झाकायला."

ती हसली. इकडे-तिकडे बघितलं. तळ्यावरून वारा येत होता, पाण्यावर ऊन चमकत होतं. तिने पदर — म्हणजे ओढणी — उगाचच सारखी केली आणि म्हटलं. गळा साधा, शेतात लांबवर हाक मारायची सवय असलेला. पहिल्या दोन ओळी झाल्या. तिथे तबकडी संपत होती. पण रेश्मा थांबली नाही —

*जा म्हणाया जीभ वळंना, आत म्हणाया लाज रं,
उद्याचं सारं उद्या बघू, पाव्हणा हो तू आज रं…*

पेटीवरचा त्याचा हात तसाच राहिला.

"हे कुठलं?"

"मंग? दारातल्यांनी इचारलं तर घरातल्या बायांनी उत्तर द्यायला नको का? उत्तर दिल्याबिगर हळद आत येत न्हाई."

"रेश्मा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं हे त्याच्या ध्यानात आलं नाही, तिच्या मात्र आलं. "लहानपणापासून हे गाणं ऐकतोय मी. तो बिचारा विचारतोय आणि गाणं संपतंय. मला वाटायचं, शंभर वर्षं हा माणूस दारातच उभा हाय. आन् हिकडं… डोंगराच्या ह्या अंगाला… त्याला बायांनी कवाच घरात घेतलाय!"

तो लहान मुलासारखा उड्या मारत गौतमीताईंकडे पळाला. रेश्मा शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या छातीत काहीतरी भोंऽऽ करून वाजत होतं.

गौतमीताईंनी त्याच दिवशी ठरवलं — सिनेमातली हळद याच गाण्यावर होणार. सवाल तबकडीचा, जवाब वाडीचा. दोन्ही.

वाडीतल्या बायकांना बोलावणं गेलं. त्यांची म्होरकी धोंडाबाई, रेश्माची आत्या. रेश्माची आई ती लहान असताना गेली, तेव्हापासून आत्यानेच तिला वाढवलं होतं. वाडीत कुणाचंही लग्न असो, हळदीला पहिला सूर धोंडाबाईचा.

रोज तालीम व्हायला लागली. दिग्विजय पेटीवर, बायका अंगणात. धोंडाबाईला पेटी आवडली, पेटीवालाही आवडला. पण बाई डोळ्याने धड. चहा देताना पेटीवाल्याच्या कपात साखर जास्त पडतेय आणि पोरीचं ओठातल्या ओठात गाणं चाललंय, हे तिला दिसत होतं. एका दुपारी ती सगळ्यांसमोर, पण बघत पेटीवाल्याकडे, म्हणाली,

"रेश्मे, रविवारी लवकर उठायचं हाय बरं का. भूगावची मंडळी सुपारी फोडाया येनार हायती."

पेटीचा सूर मध्येच तुटला.

भूगावचा जयसिंग आत्यानेच आणलेलं स्थळ. हार्डवेअरचं दुकान, स्वतःचा फ्लॅट, माणूस सरळ. उन्हाळ्यात बघून गेला होता. तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय म्हणतीस?" आणि रेश्मा म्हणाली होती, "तुमी म्हणाल तसं." तेव्हा ते खरं होतं. तिला तेव्हा कुठे माहीत होतं की एखादा माणूस पेटीला रेनकोट घालून रस्त्यात उभा असतो?

त्या संध्याकाळी ती पेटीपाशी गेली. दिग्विजय फडक्याने पट्ट्या पुसत होता. आधीच पुसलेल्या.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"मंग?"

"मग काय… चांगलं स्थळ आहे म्हणतात."

"पुस्तकातलं नका बोलू!"

फडकं एकाच पट्टीवर फिरत राहिलं.

"उद्या शेवटचा दिवस," ती म्हणाली. "उद्या हळदीचं गाणं झालं की तुमी पुण्याला. आन् रविवारी भूगाव हिकडं. तुमाला काय म्हणायचंच न्हाई?"

"मी काय म्हणणार, रेश्मा? तुम्ही शब्द दिलाय घरात. मी एक पेटीवाला… मी मध्ये कुठल्या तोंडाने…"

"पेटीला तरी भाता दाबला की आवाज येतो," रेश्मा म्हणाली. डोळ्यात पाणी होतं आणि रागही होता. "तुमाला कुटं दाबायचं ते तरी सांगा!"

आणि ती तरातरा निघून गेली. शेळ्या मागे पळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून नुसती धांदल. दोन्ही घरांना तोरणं, अंगणात रांगोळी, बायका नऊवारीत. मेकअपवाल्याने वाटीत पिवळा रंग कालवून आणला. धोंडाबाईने वास घेतला आणि वाटी परत त्याच्या हातात दिली.

"ह्यो दाराला लावा. माणसाला हळद लावत्यात."

मग तिने घरून आणलेली हळद, खरी, उखळात कांडलेली, तेलात कालवली. वास अंगणभर पसरला. गौतमीताई म्हणाल्या, "चालेल आत्या. उलट छानच दिसेल."

सगळं तयार झालं, आणि नटी पुण्याच्या चांदणी चौकात वाहनांच्या रांगेत अडकली. नटाचा फेटा अजून बांधून होत नव्हता. ढग मात्र कुणासाठी थांबत नव्हते. उजेड जायच्या आत दिवे, कॅमेरे लावून बघायला हवे होते.

"तोवर कुणीतरी दोघं बसा रे नुसती!" गौतमीताई म्हणाल्या. "दिग्विजय, तू नटाएवढाच उंच आहेस. त्या घरात पाटावर बस. आणि रेश्मा, तू या घरात. फक्त उजेड बघायचाय. आत्या, तुम्ही सराव म्हणून गाणं सुरू करा."

रेश्मा पाटावर बसली. मध्ये अंगण. पलीकडच्या दारातून तो दिसत होता. मुंडावळ्या बांधलेला, खाली मान घालून. एकदा त्याने वर बघितलं. तिने खाली बघितलं. मग तिने वर बघितलं, तर त्याने खाली. हा खेळ बराच वेळ चालला. दिवेवाला म्हणत होता, "मॅडम, मान सरळ ठेवा." कोण ठेवतंय!

तिकडे धोंडाबाईने सूर लावला. बायकांनी धरला. टाळ्यांचा ठेका बसला. आणि काय सांगावं, गाण्यात ताकदच तशी. एकदा सूर लागला की बायकांना पुढे कॅमेरे आहेत, दिवे आहेत, हे काही दिसेना. त्यांना दिसली ती हळद, पाटावरचा नवरा आणि समोरची नवरी. त्यांतल्या बायजाने वाटीत बोटं बुडवली आणि दिग्विजयच्या गालाला लावली. मग हाताला. मग पायाला. सगळ्यांनी लावली. हसणं, खिदळणं, पाठीत धपाटे. त्याचा खळीचा गाल पिवळाजर्द झाला.

मग जन्मभराच्या सवयीने जे होतं ते झालं. त्याला लावून उरलेली हळदीची वाटी धोंडाबाईने ताटात ठेवली, ताट डोईवर घेतलं, आणि सगळ्या बायका गात गात अंगण ओलांडून निघाल्या. रेश्माच्या दाराकडे. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. उजेड बघणारा माणूस हात हलवून "बस, बस" म्हणत होता. तिकडे लक्ष कुणाचं?

दारात येऊन त्यांनी विचारलं —

*पाऊल माझे दारी अडले, आत म्हणा की जा म्हणा…*

आत रेश्मा एकटीच होती. उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं. तिला कळत होतं काय चाललंय. तिला थांबवता आलं असतं… आणि तिचा गळा आपोआप उघडला. तिने उत्तर दिलं. पूर्ण.

बायका उंबरा ओलांडून आत आल्या. धोंडाबाईने वाटीत बोटं बुडवली आणि भाचीच्या दोन्ही गालांना भरघोस हळद लावली. मायेने हनुवटीला धरलं, बोटं मोडली…

आणि बोटं मोडता मोडताच थांबली.

"अगं बया बया बया!" धोंडाबाईने कपाळावर हात मारला. हळदीचाच. "उष्टी लावली की गं म्या हिला! त्या पोराची उष्टी!"

बायकांच्या टाळ्या हातातच थांबल्या.

आता हे शहरातल्या माणसाला कळणार नाही, पण त्या वाडीत मुलीला उष्टी हळद लागते ती एकाचीच. ज्याची लागली, त्याची ती झाली. सिनेमातला बनावट रंग असता तर गोष्ट वेगळी. ही तर घरची हळद, रीतीने दारात गाऊन, उत्तर घेऊन आत आणलेली. एका बाजूला बायजा तोंडाला पदर लावून हसत होती, दुसऱ्या बाजूला एक म्हातारी देवाला हात जोडत होती. गौतमीताई टोपी काढून उभ्या. "आत्या, माझी चूक झाली. मी तुम्हाला थांबवायला हवं होतं."

"तुमची कसली, बाई? माझीच अक्कल गाण्यात वाहून गेली."

बातमी वाऱ्याने पळते तशी पळाली. वडील बहिरू शेताच्या बांधावरून तसेच आले, पायाला चिखल. आणि कुणी फोन केला कोण जाणे, भूगावहून धोंडाबाईच्या फोनवर निरोपही आला — काही हरकत नाही, सिनेमातलंच ते, आम्ही रविवारी ठरल्याप्रमाणे येतो.

"देवमाणसं!" धोंडाबाईचा जीव भांड्यात पडला. "आता रेश्मे, चल. तळ्याच्या पान्यानं देवीच्या नावानं हळद उतरवायची. नारळ सोडायचा. म्हंजे लागली न लागली एक झाली. माझ्या आज्जीनंबी एकदा केलतं असं."

सगळी वरात तळ्याकाठी गेली. धोंडाबाईने तांब्या भरला.

"हात पुढं कर."

रेश्माने हात मागे घेतले.

"कर की गं! सुकत चालली हळद."

"आत्या," रेश्मा म्हणाली. आवाज लांबपर्यंत ऐकू जाणारा. "मी न्हाई धुणार."

तांब्यातलं पाणी धोंडाबाईच्या पायावर सांडलं.

बहिरू पुढे आले. ते कमी बोलणारे. शेळ्यांशी जितकं बोलायचे तितकंही माणसांशी बोलत नसत. "हळदीला भ्यालीस व्हय? त्यात काय न्हाई पोरी. आत्या म्हनती उतरती म्हनून."

"हळदीला न्हाई भ्याले, दादा. हळद लागली म्हणून म्हणत न्हाई मी. न्हाई लागली असती तरी आज रातच्याला तुमाला हेच सांगणार हुते. मला भूगावला न्हाई जायचं. माझं मन… हितंच लागलंय."

"हितं म्हंजी कुटं?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. माळावरून दिग्विजय पळत येत होता. आणि रेश्माने बघितलं — त्याचा चेहरा स्वच्छ. गाल, हात, पाय, कुठेही हळदीचा डाग नाही. साबणाने घासून धुतलेला.

तिचा हात आपल्या गालावरच्या हळदीकडे गेला.

"धुतलीत?" ती एवढंच म्हणाली.

"मेकअपवाल्यानं…" त्याला दम लागला होता. "पुढच्या गाण्यात मला पेटीवर बसायचं… त्यानं धरून धुतलं… मी न्हाई म्हणत होतो…"

"धुतली तर धुतली," धोंडाबाई म्हणाली. "बरं झालं. तू सुटलास, लेकरा."

दिग्विजयने श्वास घेतला. बायकांकडे बघितलं, बहिरूंकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिच्या दोन्ही गालांवर हळद तशीच होती, आणि त्या हळदीतून पाण्याचा एक ओघळ खाली आला होता.

"सुटलोय ना आत्या? मग आता बोलतो. अंगावर हळद असताना बोललो असतो तर लोक म्हणाले असते, पोरगा रीतीत अडकला म्हणून हो म्हणाला. आता मला कायबी लागलेलं न्हाई. मोकळा हाय मी." तो बहिरूंपुढे येऊन उभा राहिला. "दादा, मला रेश्मा पायजे. म्हणजे… तिला मी पायजे असंल तर. काल तिनं मला इचारलं आन् मी गप बसलो. रातभर मला माझीच लाज वाटली. आज न्हाई गप बसणार."

"रेश्मे?" बहिरू म्हणाले.

"पायजे," रेश्मा म्हणाली. मग दिग्विजयकडे वळून, ओठ दाबून, "लई उशीर केलास तू. मेल्या."

बायजाने तेवढ्यात टाळी वाजवलीच.

बहिरूंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. "मुठ्याच्या कुनाचा रं तू?"

"येसाजींचा. जत्रेत भजनाला पेटी वाजवतात ते."

"त्यो व्हय," बहिरू म्हणाले. "एकदा माज्या दोन शेळ्या त्येच्या वावरात शिरल्या हुत्या. भांडला न्हाई मानूस. चहा पाजून शेळ्या परत दिल्या." त्यांनी बहिणीच्या हातातल्या फोनकडे बघितलं. "पर भूगावला शब्द गेलाय. त्यांना कोन सांगनार? मला न्हाई जमायचं."

"मी सांगते," रेश्मा म्हणाली. आत्याच्या हातातला फोन तिने घेतला. हळदीची बोटं उमटली त्यावर.

"हां, बोला आत्याबाई," पलीकडून जयसिंगचा आवाज.

"मी रेश्मा बोलतेय."

"तुमी व्हय! आवो, ते हळदीचं मनावर घेऊ नका. आमच्या आईलाबी सांगितलं मी —"

"तुमी मनावर घेतलं न्हाईत, ह्यो तुमचा चांगुलपणा. पर माझंच मन दुसरीकडं लागलंय. हळदीच्या आदीपासनं. आदीच सांगायला पायजे हुतं, धीर झाला न्हाई. तुमी मला बोला हवं तर."

पलीकडे दुकानात कुणीतरी खिळे तोलत असल्याचा आवाज येत राहिला.

"बोलणार काय…" जयसिंग म्हणाला. आवाज जरा पडला होता. "सुपारी फुटल्यावर सांगितलं असतंत तर माझं हसं झालं असतं. आज सांगितलंत, बरं केलंत. आईला सांगतो मी. आत्याबाईंना म्हणावं, राग न्हाई."

तिने फोन आत्याच्या हातात ठेवला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. धोंडाबाईचं लुगडं पिवळं झालं. धोंडाबाई आधी पुटपुटली, मग रागावली, मग रडली, आणि शेवटी हसायला लागली. तिला एका वेळी सगळंच करायचं होतं.

लांबून गौतमीताईंचा आवाज आला, नटी पोहोचली, उजेड आहे तोवर सगळे या! बायका लुगडी सावरत माळाकडे पळाल्या. दिग्विजय मात्र हलेना. बहिरू काही म्हणाले नव्हते अजून. ना हो, ना नाही. ते तळ्याकडे बघत उभे.

"दादा…" तो चाचरत म्हणाला.

"भूगावच्या पाव्हन्यांसाटी पोहे आनून ठेवल्यात," बहिरू पाण्याकडे बघतच म्हणाले. "चांगलं जाड पोहे. शेंगदानं हायेत. वाया घालवायचं म्हंजी माज्या जिवावर येतं. रविवारी सकाळी तुज्या बापाला घेऊन ये."

दिग्विजयला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तो त्यांच्या पाया पडायला वाकला आणि चिखलात घसरला. रेश्माने हात दिला. तो धरून उठला, आणि उठल्यावरही कुणी हात सोडला नाही.

"आन् ऐक," बहिरू चालता चालता मागे न बघता म्हणाले, "ती पेटी आनू नको. पोरगी मागाया येतुयास, गायाला न्हाई."

"आणू दे की, दादा!" रेश्मा ओरडली. "गाडी मी पाठवते!"